पिन टाकताना मान वळवणाऱ्या बायला अनावृत पत्र

प्रिय बाय,

तुझं नाव छापलेलं तुला आवडणार नाही, म्हणून अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या यात्रेकरू-निवासात, सगळे ज्या नावाने हाक मारतात तेच इथे घातलंय. गोव्यात फोंड्याकडच्या त्या देवळाच्या अग्रशाळेत भर पावसाळ्यात नऊ शनिवार तू चौदा म्हाताऱ्यांना शेअर बाजार शिकवलास. त्या चौदाही जणांच्या वतीने हे पत्र.

सुरुवात जिथून करायची ती गोष्ट कदाचित तुझ्या लक्षातही नसेल. ॲपमध्ये पिन टाकायची वेळ आली की तू मान वळवून खिडकीबाहेर तळीकडे बघत बसायचीस. प्रत्येकाच्या वेळी, दर वेळी. बोटं चुकायची, ओटीपीची मुदत उलटायची, सेशन संपायचं, पुन्हा पहिल्यापासून. एका काकींचा तर चौथ्या खेपेला लागला. तेवढा वेळ तू पाऊस बघितलास. फोन एकदाही हातात घेतला नाहीस. "आता पडद्यावर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा," एवढंच बोलायचीस.

याची किंमत कळायला आधीचा अनुभव हवा. ज्या सब-ब्रोकरच्या कचेरीत यातली बरीच खाती उघडली गेली, तिथला मुलगा फोन हातातून काढूनच घ्यायचा. "द्या काका, दोन मिनिटांत करून देतो." व्हायचंही दोन मिनिटांत. पण त्या दोन मिनिटांत आणखी काय काय उरकलं जात होतं ते तू एकेकाला प्रोफाइल उघडायला लावलंस तेव्हा दिसलं. डिलिव्हरीखेरीज, म्हणजे शेअर घेऊन खात्यात ठेवण्याखेरीज, ज्यांना काही नको होतं त्यांचं एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सचं, सेगमेंट चालू. उसन्या पैशाने शेअर घेण्याच्या सोयीला, म्हणजे मार्जिन ट्रेडिंगला, संमती दिलेली. त्यावर व्याज रोज चढतं आणि लेजर, म्हणजे ब्रोकरकडची खातेवही, उघडल्याशिवाय दिसत नाही. आणि कहर म्हणजे तिघांच्या खात्यात ईमेलच्या जागी त्या कचेरीचाच ईमेल. व्यवहार झाल्यापासून २४ तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे त्या व्यवहाराचं भाव-आकारांसकटचं बिल, यायला हवी. ती येत होती, पण त्यांच्याकडेच. नाव घेत नाही. ज्याचं त्याला समजेल.

म्हणून पहिली साफसफाई तू करायला लावलीस: ईमेल आणि मोबाइल स्वतःचा, एफ अँड ओ बंद, मार्जिनची संमती रद्द. बंद केलेलं एफ अँड ओ पुन्हा चालू करायला उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो, आणि मोह आवरायला तेवढा अडसर पुरतो, हे तुझं म्हणणं. भाषण दिलं नाहीस, बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा सप्टेंबर २०२४चा अभ्यास पुढे ठेवलास. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. खोलीत कुणी काही बोललं नाही. पणजीच्या हॉटेलात जेवणासकट भरलेल्या त्या 'निवृत्तांसाठी ऑप्शन्स' सेमिनारला गेलेले दोघे तर छताकडे बघत होते.

पहिले दोन शनिवार तू शेअरचा 'शे'सुद्धा काढला नव्हतास. वहीत महिन्याचा खर्च आणि वर्षाचे ठोक खर्च मांडायला लावलेस. चवथ (गणेशचतुर्थी), कौलं परतायचं काम, मेडिक्लेमचा हप्ता, घरपट्टी. महिन्याला ४५ हजार आणि वर्षाचे ठोक १ लाख २० हजार म्हणजे खरा खर्च महिन्याला ५५ हजार. पेन्शन ३० हजार. तूट २५ हजार, वर्षाला ३ लाख, पाच वर्षांची १५ लाख. हे १५ लाख बाजाराच्या वाऱ्यालाही उभे राहणार नाहीत. ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. एप्रिल २०२३मध्ये तिची मर्यादा ३० लाख झाली आणि व्याज ८.२ टक्के, म्हणजे १५ लाखांवर दर तिमाहीला ३०,७५० रुपये. बँकेत ठेवायचे तर एका बँकेत व्याजासकट ५ लाखांच्या आत, कारण ठेवविमा तेवढाच.

पाचच वर्षांची तूट का, हेही तू आकड्यांनीच पटवलंस. ८ जानेवारी २००८ला निफ्टी, म्हणजे बड्या पन्नास कंपन्यांचा निर्देशांक, ६,२८८च्या आसपास होता, त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला २,५२४. दहा लाखांचे चार लाख, दहा महिन्यांत. जुनी पातळी २०१०च्या दिवाळीत हाताला लागली न लागली आणि निसटली. तिच्यावर नीट पाय रोवायला २०१४ उजाडावं लागलं. ज्याला मधल्या काळात कौलांसाठी शेअर विकावे लागले त्याचा तोटा कायमचा झाला, ज्याला विकावे लागले नाहीत त्याचा नुसता कागदावर राहिला. मग निवृत्तीची रक्कम एकदम न घालता बारा ते अठरा महिन्यांत इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडात, सरकवायची, आणि शिकण्यासाठी थेट शेअर घ्यायचे ते एकूण पुंजीच्या पाच टक्क्यांच्या आत.

तिसऱ्या शनिवारी तू कॉन्ट्रॅक्ट नोट ए-३ कागदावर मोठी करून आणलीस. मूळ कागदावरची अक्षरं मुंगीएवढी, ती टपोऱ्या चण्याएवढी झाली. जमाखर्च प्रत्येकाच्या पुढ्यात आला. २५० रुपयांचे १०० शेअर, म्हणजे २५ हजार. अर्धा टक्का दलाली घेणाऱ्या ब्रोकरकडे १२५, त्यावर १८ टक्के जीएसटीचे साडेबावीस, एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, ०.१ टक्का म्हणजे २५, स्टॅम्प ड्यूटी पावणेचार, एक्स्चेंजचे आकार रुपयाच्या आत. विकताना स्टॅम्प ड्यूटी नाही, पण दलाली, जीएसटी, एसटीटी पुन्हा आणि वर डिपॉझिटरीचे, म्हणजे डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचे, पंधरा-वीस रुपये, शेअर एक असो की हजार. येऊन-जाऊन ३६८च्या घरात. म्हणजे भाव २५३ रुपये ७० पैशांवर गेल्याशिवाय मुद्दलच सुटत नाही. दोन-तीन रुपयांसाठी रोज घेऊन-विकून दाखवणारा तो कचेरीतला मुलगा नेमका कुणासाठी राबत होता, ते त्या एका कागदावर उघड झालं.

ऑर्डरच्या पडद्यावर तू अख्खा शनिवार खर्च केलास, आणि खरं नुकसान तिथेच होतं. काही ॲपमध्ये आधीचा पर्याय तसाच निवडलेला राहतो. सीएनसी म्हणजे डिलिव्हरी, एमआयएस म्हणजे इंट्राडे, त्याच दिवशी घेऊन विकायचं. एमआयएसवर घेतलेले शेअर साडेतीनला बाजार बंद व्हायच्या आधी ब्रोकरची यंत्रणा आपोआप विकून टाकते, वर त्याचा आकार लावते. माणूस घरी सांगतो की शेअर घेतले आणि दुसऱ्या दिवशी होल्डिंगमध्ये काहीच नाही. दुसरं, मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची. उलाढाल कमी असलेल्या शेअरमध्ये घेणारा ४१२ म्हणतो, विकणारा ४१९. २०० शेअरची मार्केट ऑर्डर टाकली की थोडे ४१९ला, थोडे ४२१ला, उरलेले ४२६ला गळ्यात पडतात. त्यापेक्षा लिमिट, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाची ऑर्डर, ४१४ची लावायची आणि चहा घ्यायला जायचं. सव्वानऊ ते पावणेदहा ऑर्डर टाकायचीच नाही, ही तुझी शिस्त.

विकण्याची बाजू थोडक्यात झाली. शेअर विकायला परवानगी देणारा सीडीएसएल या डिपॉझिटरीचा टी-पिन, जानेवारी २०२३पासून सगळीकडे टी प्लस वन, म्हणजे कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी व्यवहार पुरा. मात्र एक घबराट तू वेळीच मिटवलीस. ब्रोकरकडे पडून असलेले पैसे महिन्याला किंवा तिमाहीला त्याने बँकेत परत करायचे असतात. ते परत आले की "खात्यातले पैसे गेले" म्हणून फोन करायचा नसतो, पासबुक बघायचं असतं. आणि ब्रोकरच्या ॲपवर भरवसा न ठेवता डिपॉझिटरीकडून येणारं एकत्रित स्टेटमेंट उघडायचं, पासवर्ड म्हणजे मोठ्या अक्षरांतला पॅन. ॲपमध्ये आहेत आणि त्या स्टेटमेंटमध्ये नाहीत, असे शेअर म्हणजे धोका. व्हॉट्सॲप ग्रुपवरून उतरवलेल्या बनावट ॲपमध्ये लाखोंचा नफा दिसतो, तो या कागदावर कधीच उमटत नाही.

आता गोव्याचं. हे मुंबई-पुण्याच्या सल्लागाराला शंभरदा सांगूनही कळत नाही, तू न विचारता काढलंस. आपल्या नागरी कायद्याखाली मालमत्तेच्या समाईकीत लग्न झालेल्या जोडप्यांना आयकर कायद्यातली खास तरतूद लागते, १९६१च्या कायद्यात ती कलम ५ए होती. पगार आणि पेन्शन ज्याची त्याची. पण व्याज, लाभांश, शेअर विक्रीचा नफा नवरा-बायकोत निम्मा-निम्मा, खातं कुणाच्याही नावावर असो. नवऱ्याच्या खात्यात वर्षभरावर ठेवलेल्या शेअरचा नफा २ लाख ४० हजार झाला. एकट्याचा धरला तर सव्वा लाख सोडून उरलेल्यावर साडेबारा टक्क्यांनी १४,३७५ आणि वर सेस. निम्मा केला तर दोघांच्या वाट्याला १ लाख २० हजार, दोघंही सव्वा लाखाच्या आत. फक्त आयटीआर-२ या विवरणपत्रातलं शेड्यूल ५ए भरायचं आणि कापलेला टीडीएससुद्धा त्याच हिशेबात वाटून दाखवायचा. तो वाटला नाही की नोटीस येते. मोठ्या फीचे सीए हे शेड्यूल कोरं सोडत होते, हे लिहायला संकोच वाटत नाही.

नॉमिनीचंही तसंच. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांच्या वतीने सांभाळणारा. निम्मं जोडीदाराचं आधीच, उरलेल्यात वारसांचा राखीव वाटा, आणि शेवट डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस ठरवणारा दस्त, किंवा इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वाटणी, यात. म्हणून डीमॅटचं स्टेटमेंट घराच्या कागदांच्या फायलीत लावा, म्हणालीस. पेटीतल्या जुन्या सेसा गोवाच्या प्रमाणपत्रांसाठीही तू वेगळा वेळ काढलास. कंपनीचं नाव आता वेदान्ता, एप्रिल २०१९पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आणि प्रमाणपत्रावर 'सिनाई कामोतिम' तर आधारवर 'कामत'. आधी केवायसीचा फॉर्म आयएसआर-१, सही जुळत नसेल तर बँकेच्या शिक्क्याचा आयएसआर-२, नावाच्या फरकाचं प्रतिज्ञापत्र, मगच डीमॅटचा अर्ज. क्रम चुकला की सगळं पुडकं परत येतं.

हे सगळं कुठे ना कुठे छापलेलं असेल. पण अडुसष्टाव्या वर्षी एफडी मोडून दहा वर्षांची पॉलिसी गळ्यात मारणारा बँकेतला तो गोडबोल्या पोरगाही छापील कागदच दाखवत होता, आणि सहीच्या जागी पेन्सिलीची खूण करून देत होता. त्याच्याकडे घाई होती. वाकून नमस्कारही होता. फक्त थांबणं नव्हतं. वय झालेल्या माणसाला वेळ लागतो, आणि लागणारा तो वेळ चारचौघांत त्याला लाज न वाटू देता देणं, हे शिष्टाचाराच्या कुठल्या वर्गात शिकवतात कोण जाणे. आपल्याकडे पूर्वी पोस्टातले काही कारकून असे असत. मनीऑर्डरचा फॉर्म भरून द्यायचे आणि आकडा मात्र ज्याचा त्याला लिहायला लावायचे.

राहता राहिला हिशेब. झेरॉक्सचे पैसे तू काही केल्या घेतले नाहीस. चौदा जणांनी आपापल्या प्रती मोजल्या: ए-३च्या ३२, दर २० रुपये, एकूण ६४०. पाकीट अग्रशाळेच्या कारकुनाकडे ठेवलंय. आत कॉन्ट्रॅक्ट नोटही आहे, टपोऱ्या अक्षरांत. दलाली शून्य, एसटीटी शून्य, स्टॅम्प ड्यूटी शून्य. खाली चौदा सह्या. आकडा जुळतो का ते बघून घे. चूक असेल तर चोवीस तासांत कळव.