तळ्याकडच्या शेताची ओळ

ठाणे,
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

आई, हे पत्र तूच बाबांना वाचून दाखवणार, म्हणून आधी तुझी विनवणी करते. मधला एकही शब्द गाळू नकोस. "ते राहू दे, पुढे काय लिहिलंय ते वाच" असं ते म्हणाले तरी गाळू नकोस. फोनवर बोलले असते, पण फोनवर बाबा "बरं" म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात. मग विषय तिथेच राहतो.

बाबा, शिमग्याला आले होते तेव्हा माळ्यावरच्या पेटीतून आजोबांच्या पत्रांचा जुडगा मी ठाण्याला घेऊन आले. तुम्हाला न विचारता. तुम्ही दुपारचे झोपला होतात आणि आई परसात होती. आजीच्या लुगड्याचं फडकं जसं होतं तसंच ठेवलंय, गाठसुद्धा तशीच मारते. खालच्या दोन पत्रांना कसर लागली होती. माळ्यावर कौलातून ओल येते, अजून एक पावसाळा त्यांनी काढला नसता. पण तेवढ्याचसाठी आणली असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला तळ्याकडच्या शेताची ती ओळ बघायची होती, आजोबांनी शेत विकायला सांगितलं की नाही, ती. जन्मल्यापासून घरात ज्या ओळीवरून बोलणं चालत आलं आणि ज्या ओळीवरून बोलणं बंद झालं, ती आपल्यापैकी कुणीही डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

गेल्या वर्षी नौपाड्यात मोडीचा वर्ग लावला तेव्हा "हे कशाला आता?" असं तुम्ही विचारलं होतंत. मी म्हटलं, आवड म्हणून. आवड होतीच, पण आजोबांची सगळी पत्रं मोडीत आहेत हे मला आजीकडून ठाऊक होतं. शनिवारी संध्याकाळी दोन तास वर्ग आणि रात्री घरी सराव. मोडीत आधी कागदभर लांब रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. हात उचलायचा नाही. इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नाही. शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, तेही वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. ओळ संपली की शब्द तिथेच मोडतो आणि उरलेला खालच्या ओळीत जातो. पुढच्यासाठी एवढं लक्षात ठेवा.

आजोबांना लिहिता येत नव्हतं, तेव्हा ही पत्रं पलटणीतल्या कुणीतरी लिहून दिलेली. सहा पत्रांचं अक्षर एकाच हाताचं आहे, घोटीव. सातवं दुसऱ्याच कुणाचं, घाईतलं. कुठे आहोत हे लिहायची तेव्हा बंदी होती, पत्र सेन्सॉरच्या हाताखालून जायचं. त्यामुळे गावाचं नाव कुठेच नाही, "दर्यापार" एवढंच. पण बाबा, माणगावला यशवंतराव घाडग्यांच्या पुतळ्यासमोरून जाताना तुम्ही हात जोडता ना, ते आजोबांच्याच पलटणीतले, पाचव्या मराठाच्या तिसऱ्या बटालियनचे. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला ते पडले आणि मागाहून त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपलं पत्र त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचं. म्हणजे ती लढाई होऊन तीनच महिने झाले होते. त्या शरदात तिकडच्या डोंगरात पावसाने कहर केला होता, तोफा आणि खेचरं चिखलात रुतत होती. पत्रात त्याबद्दल इतकंच आहे: "पाऊस फार आहे चिखल आपले लावणीसारखा". लढाईबद्दल एक अक्षर नाही. गायीची चौकशी मात्र दोनदा केली आहे.

पत्र पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी घाबरले. बाकीची बरी आहेत, पण नेमकं हेच अगदी फिकट. निळी-काळी शाई होती, तिच्यातली निळाई केव्हाच उडाली आणि तांबूस सावली तेवढी उरली. कागदही चहाच्या रंगाचा झालेला. डोळ्यांना ओळी दिसायच्या, अक्षरं नाही. मग विचारत विचारत शिकले. अशा शाईत लोह असतं. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च धरला की कागद निळसर उजळतो आणि लोह असलेली जागा काळी दिसते. गेलेलं अक्षर परत वर येतं. घरातले सगळे झोपले की स्वयंपाकघराचे पडदे ओढून मी एकेक ओळ बघायचे. त्या प्रकाशाने कागदाचंही नुकसान होतं, म्हणून एका वेळी अर्ध्या मिनिटाहून जास्त नाही. फोटो काढायचा, टॉर्च बंद करायचा आणि बाकी सगळं फोटोवरून वाचायचं. त्या फोटोतला नुसता निळा भाग वेगळा काढला की पिवळा कागद आणि तांबडी शाई आणखी वेगळी होतात, हे तुमच्या जावयांनी शोधून दिलं. सातवं पत्र पेन्सिलीचं आहे. त्याला बाजूने, अगदी कागदाला लागून दिवा धरला की दाबाच्या खाचा दिसतात.

एवढं करूनही घडीवरची जागा वाचता येईना. पत्र चौपट दुमडलेलं होतं आणि आडव्या घडीवर कागदाचा पापुद्राच निघून गेलाय. नेमका आपल्या ओळीच्या वरचा शब्द गेला. शाईच उरली नाही तिथे टॉर्च काय दाखवणार?

आता आई, इथे थांबू नकोस.

तो शब्द एकाच ठिकाणी मिळणार होता. आजोबांच्या थोरल्या भावाला, मोठ्या आजोबांना, पत्र वाचून दाखवताना मास्तरांनी शाई ताजी असताना ते बाळबोधीत, म्हणजे छापील पुस्तकाच्या लिपीत, उतरवून दिलेला कागद. आणि तो कुणाकडे आहे हे तुम्हाला माहीत आहे. मी ऐरोलीला भाऊकाकांकडे गेले. तुम्हाला आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि तुम्ही नको म्हटल्यावर मी गेले नसते. म्हणून विचारलं नाही. मोठ्या आजोबांच्या दिवसांत तुम्ही अंगणातूनच माघारी फिरलात, तेव्हा मी तुमचं बोट धरून होते. मी विसरलेले नाही. तुमच्याविरुद्ध जायचं म्हणून मी त्या घराची पायरी चढले नाही. अर्धं पत्र तुमच्याकडे आणि अर्धं त्यांच्याकडे, ते जुळवायला कुणीतरी जायलाच हवं होतं.

भाऊकाकांनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. कागद पार जीर्ण झालाय, पण मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं आहे. आम्ही जेवणाच्या टेबलावर माझा फोटो आणि त्यांचा कागद शेजारी शेजारी ठेवले. त्यांच्या कागदावर असं आहे: "सावकारास मनीऑर्डर दाखवावी तळ्याकडील शेत विकुन ये बाकी मी आल्यावर पाहू". माझ्या पत्रात गेलेला शब्द होता "दाखवावी". आणि मूळ पत्रात "विकुन" ओळीच्या शेवटी आहे, "ये" खालच्या ओळीच्या सुरुवातीला. मधे घडी.

बाबा, मोडीत ते "विकुनये" आहे. सलग. त्याचं "विकून ये" होतं, आणि "विकू नये" पण होतं. मास्तरांनी ओळ जिथे मोडली तिथेच शब्द तोडला. त्यांनी वाचून दाखवलं, मोठ्या आजोबांनी ऐकलं आणि शेत विकलं.

मी काही बोलायच्या आत भाऊकाकाच म्हणाले, "वर दाखवावी आहे. तात्याकाका आमच्या दादांना, आपल्या थोरल्या भावाला, 'ये' म्हणाले असते का गं?"

सातही पत्रं मी पुन्हा काढून पाहिली. मोठ्या भावाला एकदाही अरे-तुरे नाही. "करावे", "द्यावे", "प्रकृतीस जपावे", "इकडची काळजी करू नये". अखेरपर्यंत "ती. दादांचे सेवेसी". आजोबांनी "विकू नये" असंच सांगितलं होतं. तुम्ही आयुष्यभर म्हणत आलात तेच खरं. पण मोठ्या आजोबांना जे वाचून दाखवलं गेलं तेही खरंच होतं, चार माणसांसमोर. दोघांनाही वाचता येत नव्हतं. हे वाचून मोठ्या आजोबांबद्दल लगेच काही मनात आणू नका असं मी म्हणणार नाही, तो तुमचा प्रश्न आहे. मला एवढंच ठाऊक आहे की आजोबा गेले ते आपल्या भावाने आपल्याला फसवलं असं समजून गेले. ते आठवून मी त्या रात्री झोपू शकले नाही.

भाऊकाका बराच वेळ गप्प होते. मग मला पाणी दिलं आणि विचारलं, "त्याचे डोळे कसे आहेत?" मी म्हटलं, मोतीबिंदू पिकलाय आणि ऑपरेशनला तयार होत नाहीत. तर म्हणाले, "लहानपणापासून तसाच आहे." रागाने नाही म्हणाले.

म्हणून आता डोळ्यांचं. भाऊबीज झाल्यावरच्या गुरुवारची तारीख मी घेतली आहे. पैसे भरून झालेत, तेव्हा "बघू" म्हणायला जागा नाही. कापणी तोवर आटोपते, झोडणीला मामा थांबतो म्हणालाय, गोठ्याचंही त्याच्याशी बोलून ठेवलंय. उजवा डोळा आधी, डावा महिन्याभराने. त्याच दिवशी घरी सोडतात. टाके नसतात. भुलीचे थेंब घालतात, दुखत नाही. शेजारच्या काकूंचं झालं, त्या चौथ्या दिवशी तांदूळ निवडत होत्या.

लेकीच्या घरी राहायचं म्हणजे तुमचा जीव संकोचतो, मला कळतं. एवढ्या वर्षांत तुम्ही इथे सलग तीन रात्रीसुद्धा राहिला नाहीत. पण हे घर तुमचं आहे असं मी मोघम म्हणत नाही. मागची खोली रिकामी केली आहे. तिथे उन्हाची तिरीप सकाळची येते, नंतर नाही, त्यामुळे डोळ्यांना त्रास होणार नाही. पलंग बुटका घेतलाय. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली आहे आणि संडास वरचा आहे, गुडघे वाकवायला नकोत. आई, गावदेवी मंडईत उकडे तांदूळ मिळतात, पेज सकाळी तुझ्याच हातची होईल. गॅसची शेगडी तुझ्या उंचीला लावून घेतली. देव बरोबर आण, देव्हाऱ्यात जागा आहे. घंटाळीचं देऊळ चालत पाच मिनिटांवर. लिफ्ट आहे, आणि वीज गेली तरी ती चालते, मी स्वतः पाहिलंय.

बाबा, ती ओळ मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही. आपल्या घरात एकदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेतलं, तेवढं पुरे. मोठ्या कागदावर छापून ठेवली आहे, अक्षर बोटभर उंच. ऑपरेशननंतर चष्मा मिळाला की तुम्ही स्वतः वाचायची. "शेतविकुनये" म्हणजे सहाच अक्षरं. तुम्ही मला तांदळाच्या ताटात बोट धरून "ग" शिकवलात, मला तो "ग" पालथाच यायचा, आणि तुम्ही रागावला नाहीत, ताट हलवून पुन्हा सपाट करायचात. ही सहा अक्षरं मी तुम्हाला तशी शिकवीन. मग शब्द कुठे तोडायचा ते तुम्ही ठरवा.

भाऊकाका दुसऱ्या आठवड्यात येणार आहेत. हो, मी बोलावलं. त्यांना गुडघ्यांमुळे गावाला येणं जमत नाही, आणि तुम्ही ऐरोलीला जाणार नाही. त्यांचा कागद ते घेऊन येतील. तुम्हाला त्यांच्याशी बोलायचं नसलं तर बोलू नका, मी कुणालाच भरीस घालणार नाही. चहा मात्र सगळे एकत्र घेऊ. तेवढं माझ्यासाठी करा.

आता आई, नीट ऐक. साखर सकाळी उपाशीपोटी तपासून घे आणि कागद बरोबर आण. रक्ताच्या गोळ्यांची चिठ्ठी पण. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही. पेटीत पत्रांची पाकिटं राहिली आहेत, त्यांच्यावर डाकेच्या शिक्क्यात फौजी टपालाचा आकडा आहे, तो मला हवाय. ती मामाला काढायला सांग. पाकिटांना ओला हात लावू नका, पत्ता कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेला आहे, तो पाण्याने जांभळा होऊन पसरतो. सेलोटेप लावू नका, इस्त्री करू नका, डांबरगोळ्यांच्या पिशवीत तर अजिबात टाकू नका. वर्तमानपत्रातही नको. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळ आणि आपल्या पिशवीत वर ठेव, डब्यांखाली नाही.

बाबा, रागावला असाल तर इथे येऊन रागवा. हे भाऊबीजेच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन निघतील, नऊपर्यंत अंगणात असतील. वाटेत वडखळला थांबायला सांगितलंय, आईला गाडी लागते. मागच्या सीटवर उशी ठेवते.

तुमची,
बाय