‘एकच आवाज धर’ म्हणणाऱ्या काकूंस

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठाच्या गायकवृंदाचा आणि वाद्यवृंदाचा कार्यक्रम ऐकून आपण ट्रामच्या थांब्यावर उभ्या होतो, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना आणि तुमचे आभार मानायचे राहून गेले. ते या पत्राने मानते. पत्र सर्वांसमोर लिहिते आहे, कारण इथे शिकायला आलेल्या माझ्यासारख्या मुलामुलींचे पाऊल अशा सभागृहात सहसा पडते ते कोणीतरी हाताला धरून नेले तरच.

लहानपणापासून ख्यालगायकी ऐकत आलेल्या माझ्या कानांना एका गळ्यामागे जाण्याची सवय आहे. चार आवाज एकाच वेळी चार वाटांनी निघाले, तर कोणाबरोबर जायचे हे मला कळत नसे. तुम्ही दोन दिवस आधी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून जर्मन संगीतकार ब्राम्सच्या ‘जर्मन रेक्विएम’ या शोकगायनाच्या सातही भागांचा अर्थ पेन्सिलीने मराठीत लिहून दिलात आणि म्हणालात, “सगळे ऐकायला जाऊ नकोस. आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, तेवढा धर. बाकीचे त्याच्याभोवती येतील.” ते तसेच झाले.

आउगुस्टुसप्लात्झ या चौकातल्या त्या सभागृहाविषयी तुम्ही वाटेत सांगितले नसते, तर अधांतरी थांबलेल्या काचेच्या खांबांकडे मी केवळ शोभा म्हणून पाहिले असते. तिथले शतकानुशतके जुने विद्यापीठ-चर्च ३० मे १९६८ रोजी सुरुंग लावून पाडले गेले, हे कळल्यावर मात्र माझी नजर सारखी त्या खांबांकडे जात राहिली.

ओबो या फुंकवाद्याने एक सूर दिला, सर्वांनी वाद्ये जुळवली आणि तो सूर थांबला. आपल्याकडे तानपुरा शेवटपर्यंत सोबत असतो. इथे ती आस प्रत्येकाने मनात धरायची असते, असे मला वाटले. पहिल्या भागात व्हायोलिनवाल्यांकडे लक्ष दे, असे तुम्ही सांगितले होते. त्या संपूर्ण भागात व्हायोलिन वाजतच नाहीत. आपल्यासमोरच्या मुलीने व्हायोलिन मांडीवर उभे धरले होते, गज गुडघ्यावर आडवा होता आणि खाली व्हिओला व चेलो या व्हायोलिनच्या थोरल्या भावंडांचा गडद नाद चालू होता. भाग संपताच दाद द्यायला माझे हात उचलले गेले, तेव्हा तुम्ही काही न बोलता तुमचा तळवा माझ्या हातावर ठेवलात. दुसऱ्या भागात टिंपनीच्या, म्हणजे नगाऱ्यासारख्या वाद्याच्या, संथ ठोक्यांवर, मनुष्य गवतासारखा आहे या शब्दांशी, वेगवेगळ्या वाटांनी जाणारे आवाज एकाच सुरावटीत आले आणि मला आपल्या घरी आल्यासारखे वाटले.

पण खरे ऋण पाचव्या भागाचे आहे. ऑक्टोबरमध्ये आजी गेली आणि मला गावी जाता आले नाही, हे इथे फक्त तुम्हाला माहीत होते. ब्राम्सची आई १८६५ मध्ये वारली; एप्रिल १८६८ मध्ये ब्रेमेनला ही रचना सादर झाली तेव्हा तिचे सहाच भाग होते, पाचवा त्यानंतर जोडला गेला आणि सातही भागांसह ती प्रथम १८ फेब्रुवारी १८६९ रोजी याच लाइपझिगमध्ये, गेवांडहाउस या संगीतसभागृहात ऐकवली गेली, एवढे तुम्ही सांगितलेत. त्या भागापुढे तुमच्या अक्षरात एकच ओळ होती: “आई लेकराला जवळ घेते, तसे मी तुम्हाला घेईन.” सोप्रानो, म्हणजे बायकांचा वरचा आवाज, गाणारी उभी राहिली, तिच्यामागे गायकवृंद हलकेच तेच शब्द म्हणू लागला, आणि त्या वेळी मी आल्टो सोडून दिला. चार महिने अडून राहिलेले रडू तेव्हा आले. तुम्ही माझ्याकडे वळून पाहिले नाहीत, फक्त पिशवीतून रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवलात. त्याबद्दल मी तुमची विशेष आभारी आहे.

रुमाल धुऊन ठेवला आहे. रविवारी घेऊन येईन. तो कागद मात्र माझ्याजवळच राहू द्यावा, ही विनंती. पुढच्या सत्राच्या कार्यक्रमाची तिकिटे मी काढीन, आणि तोवर टेनरचा, म्हणजे पुरुषांचा वरचा, आवाज कसा धरायचा तेही मला शिकवावे.

तुमची,
शेजारच्या जिन्यातली विद्यार्थिनी