‘अनब्रेकेबल’ ताटाचे तीन तुकडे

मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : तुमच्या खोक्यावर छापलेला ‘अनब्रेकेबल’ हा शब्द

आजचा माझा फोन पाचवा होता. यापुढे मी फोन करणार नाही, म्हणून लिहिते आहे.

मेलामाइनचा ३२ नगांचा सेट दिवाळीत घेतला. खोक्याच्या चारही बाजूंना ठसठशीत ‘अनब्रेकेबल’. तिसऱ्या आठवड्यात ओट्यावरून एक ताट निसटलं आणि फरशीवर त्याचे तीन तुकडे झाले. त्याआधी एका वाटीच्या काठाचा टवका उडाला होता, तेव्हा मी गप्प बसले. मेलामाइन कडक असतं, पण लवत नाही. काठावर मार बसला की तडकतं. हे तुम्हाला मी सांगायला नको, साचे तुमचेच आहेत. मग हा शब्द छापला कुणी?

आज तुमचा माणूस काय बोलला ते जसंच्या तसं लिहिते. “मॅडम, अनब्रेकेबल म्हणजे फुटतच नाही असं नसतं.” मी विचारलं, मग काय असतं? “म्हणजे स्ट्राँग.” मग ‘स्ट्राँग’ छापा, मी म्हटलं. त्यावर तो शेजारच्या कुणाला तरी म्हणाला, मला स्पष्ट ऐकू आलं, “आंटी डिक्शनरी घेऊन बसल्यात.” शेजारचा हसला. मग मला म्हणाला, “तुम्ही शब्दावर जाऊ नका, तो मार्केटिंगचा वर्ड आहे. आणि तुम्ही ताट टाकलं कशाला?”

टाकलं नाही, निसटलं. आणि ३१ वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला तो सांगतोय, शब्दावर जाऊ नका!

सातवीच्या वर्गात मी हाच शब्द फळ्यावर सोडवून दाखवायचे : अन, ब्रेक, एबल. ‘एबल’ म्हणजे तसं होण्याची शक्यता. ‘अन’ ती शक्यताच पुसतो. ‘सहसा फुटत नाही’ असा त्याचा अर्थ नाही, ‘फुटूच शकत नाही’ असा आहे. मराठीतल्या ‘अभेद्य’ची बांधणी अशीच. मुलांना मी जंजिऱ्याचं उदाहरण द्यायचे. संभाजी महाराजांनी १६८२ साली समुद्रात भराव घालून तो घ्यायचा प्रयत्न केला, तरी तो हाती आला नाही, म्हणून ‘अजिंक्य’. एकदा जरी पडला असता तरी हा शब्द त्याला लावता आला नसता. असल्या शब्दांना ‘बऱ्यापैकी’ चालत नाही. म्हणूनच घड्याळावर ‘वॉटरप्रूफ’ न लिहिता ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहितात. तुमच्याकडेही ‘ड्युरेबल’ होता, ‘ब्रेक रेझिस्टंट’ होता. खरे शब्द सोडून तुम्ही खोटा निवडलात.

दुसऱ्या फोनवर मला खोक्याच्या तळाची बारीक ओळ वाचायला सांगितली : ‘सामान्य घरगुती वापरात’. स्वयंपाकघरात ताट हातातून निसटणं सामान्य नाही का? शिवाय दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. खुलासा मूळ दाव्याला छेद देणारा नसावा आणि त्याची अक्षरंही दाव्यासारखीच असावीत, असं त्यात आहे.

वाईट याचं वाटतं की आईने १९९४ साली तुमचाच सेट घेतला होता. त्या खोक्यावर फक्त ‘टिकाऊ’ लिहिलेलं होतं. तो वीस वर्षं टिकला. त्या भरवशावर मी डोळे मिटून हा घेतला.

पूर्ण रक्कम परत हवी, त्या माणसाची लेखी माफी हवी आणि खोक्यावरून तो शब्द निघायला हवा. बदली ताट पाठवू नका, तेही फुटेल. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हे तुमच्या वकिलांना विचारून घ्या.

आणि पुन्हा सांगते, मी ताट टाकलं नाही.

तिन्ही तुकडे, टवका उडालेली वाटी, बिल आणि खोकं माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे. फोटो सोबत जोडले आहेत.

एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
डोंबिवली