एल निनो डिसेंबरातही असतो

महोदय,

एप्रिलमध्ये हवामान खात्याचा पहिला अंदाज आला की वर्तमानपत्रांत एल निनो (विषुववृत्ताकडच्या प्रशांत महासागराचं अधूनमधून होणारं तापणं) अवतरतो आणि सप्टेंबर सरला की गुडूप होतो. खरं तर तो ऐन भरात येतो डिसेंबरच्या आसपास, म्हणजे आपण त्याला विसरल्यावर. तेव्हा अंटार्क्टिकात उन्हाळा असतो.

हे लिहायचं कारण, आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरलेला एक संदेश : ‘एल निनोत अंटार्क्टिकाचा बर्फ उलट वाढतो, उगाच घाबरवतात.’ हे अर्धंच खरं आहे. प्रशांत महासागराचा विषुववृत्ताकडचा भाग तापला की तिथून वातावरणात निघालेल्या लाटा पार दक्षिणेला पोचतात आणि पश्चिम अंटार्क्टिकाजवळच्या आमुंडसेन समुद्रावरचे वारे बदलतात. हिमवर्षाव वाढतो. १९९७-९८ च्या एल निनोत तिथल्या तरंगत्या बर्फाच्या फळ्यांची (शास्त्रज्ञ त्यांना ‘आइस शेल्फ’ म्हणतात) उंची सुमारे २५ सेंटिमीटरने वाढल्याचं उपग्रहांनी टिपलं. वजन मात्र घटलं! वर पडलेलं हिम भुसभुशीत, हलकं. आणि त्याच वाऱ्यांमुळे खोल समुद्रातलं तुलनेनं उबदार पाणी किनाऱ्याकडे सरकून फळीच्या बुडाचा घट्ट, जड बर्फ वितळवत होतं.

खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत, शेती करणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. बांधावर कितीही माती टाका, खेकड्यांनी खालून पोखरला तर उधाणाला तो जातोच. (खेकडे म्हटलं की आमच्या जिल्ह्यात तिवरे धरण खेकड्यांमुळे फुटल्याच्या दाव्याचा विषय निघतो, तो वेगळा. खाजणाच्या बांधाचं मात्र हे खरंच आहे.) तरंगती फळी वितळल्यानं समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, ती आधीच पाण्यात आहे. पण तिनं अडवून धरलेला जमिनीवरचा बर्फ सुटतो. पश्चिम अंटार्क्टिकातली एकटी थ्वेट्स हिमनदी पूर्ण गेली तर जगभर समुद्र सरासरी ६५ सेंटिमीटर चढेल. ते एका एल निनोत होणार नाही, आपल्या हयातीतही नाही. पण पश्चिम अंटार्क्टिकातला बर्फ गेला की त्याची गुरुत्वीय ओढही जाते, आणि पाणी तिथे कमी, आपल्यासारख्या दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीहून जास्त चढतं. किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधारे बांधताना गेल्या वादळाची लाट मोजतात, हे कुणी मोजताना मी तरी पाहिलेलं नाही.

अंटार्क्टिकात भारताचं पहिलं केंद्र, दक्षिण गंगोत्री, अशाच फळीवर होतं. ध्रुवीय संशोधनाची आपली राष्ट्रीय संस्था इथून जवळच, गोव्यात वास्कोला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना पावसाळ्याआधी विचारता तसं नंतरही विचारा. आमच्याकडे बांधांची डागडुजी भात झोडून झालं की, दिवाळीनंतर सुरू होते. एल निनोची दुसरी बातमी त्याच सुमारास छापावी, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, ता. दापोली, जि. रत्नागिरी