आपल्या गाडीची गोष्ट

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद.

पेशंटला दवाखान्यात नेणारी गावाची गाडी नेमकी कशी सुरू झाली, असं तू परवा विचारलंस आणि तेवढ्यात रेंज गेली. ते फोनवर सांगून होण्यासारखं नव्हतंच, म्हणून लिहितो.

तू तेव्हा चौथीत होतीस. नाल्याला पूर आला की आपलं गाव तुटायचं. पेशंट असला की बाजेला दोन बांबू बांधायचे, चौघांनी उचलायची, आणि पलीकडं बैलबंडी उभी ठेवायची. त्या पावसाळ्यात खालच्या आळीतल्या बाळंतिणीला घेऊन आम्ही असेच निघालो. मी बाजेच्या डाव्या पायथ्याशी होतो. पाणी उतरेना. काठावर बाज ठेवून थांबलो. ती सारखी पाणी मागत होती. मग मागेनाशी झाली. तिचं लेकरू आज बारावीला आहे, तू ओळखतेस त्याला.

त्या वर्षी वेचणी झाल्यावर घरटी पाच किलो कापूस द्यायचं ठरलं. ज्याला वावर नाही त्यानं दोन दिवसांची मजुरी दिली. माझ्या मते गाडी उभी राहिली ती त्या मजुरीवर. जिनिंगवर कापूस विकून जुनी व्हॅन आणली, मागचं सीट काढलं, सुतारानं फळी बसवून दिली. मी एसटीचा ड्रायव्हर, त्यामुळं सुटीच्या रात्री माझ्याकडं. बाकीच्या रात्री सात जणांनी वाटून घेतल्या. पेशंटकडून पैसा घ्यायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं आणि आजवर मोडलं नाही.

2014 साली राज्यात 108 नंबरची सरकारी ॲम्ब्युलन्स सुरू झाली. 937 गाड्या, आत डॉक्टर, फुकट. आता आपली गाडी विकून टाका, असं काही जण म्हणाले. पण 108 आपल्या पांदीपर्यंत यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पेशंटजवळ नसतो. मग आम्ही फोन लावून लगेच निघायचो आणि पेशंट डांबरी रस्त्यावर त्यांच्या हवाली करायचो. अजून तसंच चालू आहे.

आता जे लिहितो ते मी तुझ्या आईशिवाय कोणाशी बोललो नाही. 2017 च्या फवारणीचा हंगाम आठवतो ना? आपल्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं किती कास्तकार गेले. कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा थेट अंगावर यायचा. एका दुपारी तुझ्या भावाच्या वयाच्या पोराला वावरातून उचललं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शर्ट फवारणीच्या औषधानं ओलाचिंब होता. मी गाडी अशी हाणली की आयुष्यात तशी चालवली नाही. दवाखान्यात नर्सबाईनं आधी कात्रीनं तो शर्ट कापला आणि विचारलं, "हा वाटेत का नाही काढला?" विष कातडीतून आत जातच राहतं, कपडे काढून साबणानं अंग धुवायचं असतं, कुशीवर झोपवायचं असतं, हे आम्हा आठ जणांत कोणालाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी पोरगा गेला. शर्ट काढला असता तर वाचला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण तो शर्ट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

म्हणून तू अमेरिकेतल्या ब्रुकलिनचं सांगितलंस तेव्हा मी गप्प झालो होतो. बेडफर्ड-स्टायवेसंट वस्तीत ॲम्ब्युलन्स वेळेवर येत नाही, म्हणून 1988 साली रॉबिन्सन आणि पेरेझ या दोघांनी सेवा सुरू केली, आणि गाडी नव्हती तर औषधाची बॅग घेऊन पायी धावले. त्यांच्याकडं शिकलेले हात होते आणि गाडी नव्हती. आपल्याकडं नेमकं उलटं. सेवाग्रामला गेलो होतो तेव्हा तुला गांधीजींच्या डोलीवाल्यांचं सांगितलं होतं बघ. दक्षिण आफ्रिकेत 1899 च्या बोअर युद्धात सुमारे 1,100 भारतीय माणसं जखमींना डोल्यांवर घालून दिवसाला वीस-पंचवीस मैल चालली. त्यांनासुद्धा डॉ. बूथ यांनी आधी शुश्रूषा शिकवली होती. आम्ही मात्र गाडी आणली, नारळ फोडला आणि निघालो.

आता गाडीत साबण आहे, पाण्याचा कॅन, हातमोजे, स्वच्छ धोतराच्या पट्ट्या आहेत. साप चावला तर दोरी आवळायची नाही, पाय हलू द्यायचा नाही, एवढं आशाताईंनी शिकवलंय. पोलिसांच्या भीतीनं अपघाताला हात न लावणारेही आता येतात. मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही असा 2019 पासून कायदा आहे, हे मी पारावर वाचून दाखवलं.

पण रक्त थांबवणं, छाती दाबणं पाहून येत नाही, हातानं करावं लागतं. दिवाळीला तू येशील तेव्हा दोन दिवस आम्हाला शिकवायला दे. अकरा पोरं आणि चार पोरी तयार आहेत. छाती दाबून शिकायचा तो पुतळा कॉलेजातून मिळत असेल तर तुझ्या मॅडमना माझ्या नावानं विनंती कर. भाडं मागितलं तर कळव, वेचणी सुरू झाली आहे. नागपूरच्या गाडीला मी व्हॅन घेऊन येईन, म्हणजे पुतळा मागच्या फळीवर आडवा ठेवता येईल.

तुझे,
बाबा