वर्गणीतले पैसे गेले कुठे, त्याचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी आमच्या उपक्रमाचा समाचार घेतला. महागडी ऑडिओ यंत्रे बाळगणाऱ्या काही हौशी लोकांनी वर्गणी गोळा करून एका परदेशी डॅकसाठी, म्हणजे आकड्यांत साठवलेले गाणे ऐकवणाऱ्या यंत्रासाठी, नवे बोर्ड बनवायला घेतले आहे, त्यातल्या सुट्या भागांची किंमत साडेतीन हजार भरते, वर्गणी मात्र माणशी चौदा हजार घेतली जाते, तेव्हा ही सरळसरळ लुबाडणूक आहे, असे त्यांचे म्हणणे. या कामाचा हिशेब मी ठेवते आणि तयार बोर्डांची तपासणीही करते. म्हणून उत्तर मीच द्यायला हवे. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले. बोर्डाचे डिझाइन माझा एक माजी विद्यार्थी करतो, हिंगणा रोडवर त्याचे छोटेसे वर्कशॉप आहे. मी यातून काही घेत नाही. तो घेतो, आणि त्याने घ्यायलाच हवे.

साडेतीन हजारांचा आकडा मला मान्य आहे. सीताबर्डीत भाव विचारत फिरलात तर बेरीज साधारण तितकीच येईल. पण ती बेरीज शेवटच्या, चालणाऱ्या बोर्डाची. त्याआधीची न चाललेली बोर्डे आमच्या टेबलाच्या खणात पडली आहेत, त्यांचा भाव त्या गृहस्थांनी धरलेला नाही.

डॅक म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. सीडीत किंवा संगणकात गाणे आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. १९८२ साली सोनी आणि फिलिप्सची सीडी बाजारात आली तेव्हाचे माप असे: दर सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. २४ बिटांत याच पायऱ्या १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ होतात. हे आकडे पुन्हा विजेच्या लहरीत बदलतो तो डॅक. तुमच्या मोबाइलमध्येही तो असतोच. महागड्या यंत्रात त्याला स्वतंत्र वीजपुरवठा, प्रत्येक आकड्याची वेळ पाळणारे चांगले घड्याळ आणि वजनदार ट्रान्सफॉर्मर मिळतो, इतकेच. आकडा नुसता बरोबर असून भागत नाही, तो वेळेवर पडावा लागतो. २० हजार हर्ट्झच्या सुरात १६ बिटांची अचूकता राखायची तर घड्याळ शंभर-सव्वाशे पिकोसेकंदांपेक्षा जास्त डगमगलेले चालत नाही. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. शिवाय घड्याळाला ठोका देणारे क्रिस्टल दोन लागतात. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला ४४,१०० आकड्यांच्या) घराण्याला २२.५७९२ मेगाहर्ट्झचे, ४८ च्या घराण्याला २४.५७६ चे.

आमचे यंत्र जुने आहे. बनवणाऱ्या कंपनीने सुटे भाग देणे बंद केले, सर्किटचा नकाशा मागितला तर उत्तरही दिले नाही. यूएसबीचा जुना ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालेना. काही यंत्रांतली मुख्य चिपच गेली होती. ती चिप असाही कासेई या जपानी कंपनीची. २० ऑक्टोबर २०२० ला नोबेओका शहरातला त्यांचा कारखाना पेटला आणि जगभरातल्या डॅक बनवणाऱ्यांचे धाबे दणाणले. उरलेल्या चिपांचे भाव भलतेच चढले, पुष्कळ उत्पादकांना आपली डिझाइने बदलून अमेरिकेच्या ईएसएस कंपनीच्या चिपांकडे वळावे लागले. मोठ्या कंपन्यांची ही गत, तर नागपूर, अमरावती, इंदूर, पुणे असे विखुरलेले आम्ही साठ-पासष्ट यंत्रमालक कोणाच्या खिजगणतीत?

आधी आम्ही जुनीच चिप शोधली. मुंबईच्या एका पुरवठादाराकडून काही नग आले, वर अक्षरे अगदी ठसठशीत. माझ्या विद्यार्थ्याने कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून चिपच्या पाठीवर फिरवला. बोळा काळा झाला, वरची छपाई विरघळली आणि खालून घासून पुसट केलेला दुसराच नंबर वर आला. जुनी, काढलेली चिप रंगवून नवी म्हणून विकलेली! पैसे परत मिळाले नाहीत. हिशेबात ती रक्कम ‘बुडीत’ या सदरात आहे, कोणालाही दाखवते.

मग नवी चिप घ्यायचे ठरले. इथे त्या गृहस्थांना वाटते की एक चिप काढून दुसरी बसवली की झाले. जुनी चिप व्होल्टेज देत होती. नव्या चिपेतून उत्तम काम काढायचे तर तिच्याकडून करंट घ्यावा लागतो, आणि त्या करंटचे व्होल्टेज करणारा टप्पा नव्याने आखावा लागतो. तो आखला की फिल्टर बदलतो, फिल्टर बदलला की ऑप-अँपची (संकेत वाढवणाऱ्या छोट्या चिपची) वीज बदलते, वीज बदलली की बोर्डाची मांडणी. चार थरांचे बोर्ड, वरून सगळे जुन्याच खोक्यात, जुन्याच स्क्रूंच्या जागी बसले पाहिजे. नमुन्याची बोर्डे मोजकीच बनवून घेतली तरी कारखाना मांडणीचा खर्च पूर्ण लावतो. एक रेघ चुकली की ती सगळी बोर्डे खणात.

आणि मग आला मे महिना. हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते चौदा हजारांपैकी सर्वांत सार्थकी लागलेले पैसे इथे गेले.

घड्याळाची डगमग तपासायला एक ठरलेला संकेत वापरतात, ११,०२५ हर्ट्झचा. पडद्यावर मधोमध एक उंच सरळ सुळका दिसला पाहिजे आणि दोन्ही बाजू साफ. हिवाळ्यात आम्ही बोर्ड तपासले तेव्हा चित्र पाहण्यासारखे होते. मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकलेला, संध्याकाळी सातच्या सुमारास तेच बोर्ड लावले, तर सुळक्याच्या दोन्ही अंगांना शंभर-शंभर हर्ट्झवर दोन कोंब फुटलेले. केबल बदलली, संगणक बदलला, कोंब जागचे हलेनात. पोरगा शेवटी म्हणाला, “मॅडम, हे कूलर करून राहिला.” मी खोलीतला कूलर बंद केला. कोंब तसेच. तेव्हा त्याने मीटर भिंतीच्या सॉकेटला लावला. १९२ व्होल्ट. एकट्या आमच्या कूलरचा दोष नव्हता, अख्ख्या वस्तीचे कूलर आणि एसी त्या वेळी सुरू असतात. वीज खाली आली की आमच्या रेग्युलेटरला, म्हणजे बोर्डाचे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाला, पुरेसे व्होल्टेज मिळत नव्हते आणि रेक्टिफायरनंतरची (भिंतीतली उलटसुलट वीज एकाच दिशेची केल्यावर उरणारी) शंभर हर्ट्झची लहर त्यातून झिरपून घड्याळापर्यंत पोचत होती. रात्री अकरानंतर व्होल्टेज वर आले आणि कोंब आपोआप गेले.

२३० व्होल्ट घड्याळासारखे नेमाने मिळतात अशा देशात बसून डिझाइन करणाऱ्याला हा दोष जन्मात दिसला नसता. आम्ही कमी व्होल्टेजवर तग धरणारा रेग्युलेटर घेतला, घड्याळाची वीज वेगळी काढली, आणि पुन्हा नवे बोर्ड काढले. त्याच झटक्यात कॅपॅसिटरही १०५ अंश सेल्सियसपर्यंत चालणारे घातले. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश उष्णतेमागे साधारण निम्मे होते. खोलीतच चाळीस अंश आणि खोक्यात त्याहून जास्त असेल, तर ८५ अंशांचा कॅपॅसिटर घेऊन वाचवलेले दहा रुपये चार उन्हाळ्यांत वसूल होतात, तेही ग्राहकाकडून. साडेतीन हजारांच्या यादीत हा नवा रेग्युलेटर काही रुपयांचा आहे. तोच का लागतो, हे कळायला लागलेला काळ आणि त्यापायी गेलेली बोर्डे त्या यादीत कोणत्या ओळीत लिहायची, हे पत्रलेखकांनी सांगावे.

आता त्यांच्या रागातला खरा भाग. वर्गणी काढून वस्तू बनवण्याच्या धंद्यात लबाडी होते आणि दिरंगाई तर सर्रास होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे ईथन मॉलिक यांनी किकस्टार्टर या वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरच्या प्रकल्पांचा अभ्यास केला. २०१५ च्या अहवालात सुमारे ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेले दिलेच नाही असे निघाले, आणि त्याआधीच्या त्यांच्या अभ्यासात पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त प्रकल्प उशिराने पोचले होते. खुद्द किकस्टार्टरने २०१२ साली ‘आम्ही दुकान नाही’ असे जाहीर केले. संगीत ऐकण्याच्या पोनो या उपकरणाला २०१४ साली ६२ लाख डॉलरहून जास्त मिळाले. उपकरण लोकांच्या हाती पडले, पण काही वर्षांत ते बंदही झाले. म्हणजे पैसा भरपूर जमला म्हणून गोष्ट टिकते असेही नाही.

पण लोकांकडून थोडे थोडे घेऊन काही उभे करणे महाराष्ट्राला नवे नाही. तळेगावचा काचकारखाना १९०८ साली पैसा फंडातून उभा राहिला, अंताजी दामोदर काळे दारोदार एकेक पैसा मागत फिरले आणि टिळक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पैसा देणाऱ्याला काचेचा पेला मिळेल असे कोणी सांगितले नव्हते. आज चौदा हजार देणाऱ्याला वस्तू हवी, आणि ती मागणे रास्त आहे. म्हणूनच आम्ही वर्गणी वेगळ्या खात्यात ठेवली आहे, दोन सह्यांशिवाय पैसा निघत नाही, आणि नमुना ठरलेल्या मापात बसला नाही तर उरलेली रक्कम परत जाईल हे पावतीवरच छापले आहे. बुडीत रक्कम परत मिळणार नाही, हेही त्याच पावतीवर आहे. ज्यांना ते पटले नाही त्यांनी पैसे भरले नाहीत, त्यांच्याशी आमची काही तक्रार नाही.

एक गोष्ट मात्र मी आमच्याच मंडळींना ऐकवते, तीही छापावी. “पडदा बाजूला झाल्यासारखा आवाज” वगैरे भाषा बंद करा. मी दोन्ही बोर्डांचा आवाज ०.१ डेसिबलच्या आत जुळवून, कोणते लावले आहे हे न सांगता लोकांना ऐकवले आहे. ज्यांची यंत्रे धड होती त्यांना फरक ओळखणे जड गेले. मला स्वतःला जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यात, खर्जाची तार विरत जाताना, काहीतरी वेगळे वाटते, पण पैजेवर सांगणार नाही. ज्यांची यंत्रे मेली होती त्यांना अर्थातच फरक ओळखता आला. हे बोर्ड बनवण्याचे खरे कारण तेच आहे: चालू शकणारे यंत्र भंगारात जाऊ नये.

म्हणूनच शेवटचे बोर्ड सगळ्यांकडे पोचले की सर्किटचा नकाशा, बोर्डाच्या फाइली आणि फर्मवेअर (बोर्डातला प्रोग्राम) आम्ही खुले करणार आहोत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात धरली आहेत. पण पोर्टल ऐच्छिक, कंपनीने माहिती दिली तर दिली. आमच्या यंत्राच्या कंपनीने दिली नाही. वर्गणीदारांच्या पैशातून निघालेला नकाशा आम्हीही कुलपात ठेवला तर त्या कंपनीत आणि आमच्यात फरक काय राहिला? माझ्या विद्यार्थ्याला सुरुवातीला हे जड गेले. कोणीतरी उचलून स्वस्तात विकेल, म्हणाला. विकू दे. त्याच्या मेहनतीचे पैसे वर्गणीतून आधीच मिळालेत, तेवढ्यासाठीच तर चौदा हजार.

पत्रलेखकांना एक विनंती आणि शहरातल्या संस्थांना दुसरी. गृहस्थांनी कोणत्याही रविवारी वर्कशॉपवर यावे, वही आणि खण दोन्ही उघडे आहेत. मात्र मेमध्ये येणार असतील तर संध्याकाळी सातला यावे.

संस्थांना विनंती अशी. या कामाला लागणारा चांगला ऑडिओ ॲनालायझर (आवाजाच्या संकेताची मापे घेणारे उपकरण) लाखांत जातो, आम्ही भाड्याने आणतो आणि वर्गणीतला मोठा तुकडा त्या भाड्यात जातो. नागपुरात अभियांत्रिकी महाविद्यालयांची कमतरता नाही. त्यातल्या एका प्रयोगशाळेत अशाच तोडीचे उपकरण प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. विचारले तर बाहेरच्यांना देता येत नाही, नियम नाही, असे उत्तर मिळाले. ताशी शुल्क लावा, तुमचाच तंत्रज्ञ समोर बसवा, अनामत घ्या, आम्ही सगळे भरू. शनिवार-रविवार चार तास जरी ही दालने उघडली तरी आमच्यासारख्यांची वर्गणी दोन-तीन हजारांनी खाली येईल, आणि दुरुस्ती-डिझाइन करणाऱ्या कितीतरी पोरांना पुण्या-मुंबईला माल पाठवून मापे मागवावी लागणार नाहीत. एखाद्या महाविद्यालयाची तयारी असेल तर शुल्काचा आकडा त्यांनी कळवावा, वर्गणीदारांपुढे ठेवून आठवड्याच्या आत उत्तर देते.

आपली,
एक निवृत्त तंत्रनिकेतन शिक्षिका
त्रिमूर्तीनगर, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)