सिमेंट उतरवलं, चुना चढवला

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

वाड्यावरच्या कपेलाची, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या छोट्या प्रार्थनाघराची, डागडुजी करतोय म्हटल्यावर ‘तुझं त्या कपेलात काय काम?’ असं खवचटपणे विचारलंयस, म्हणून आधी त्याचंच उत्तर. आमची आई दरवर्षी म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मेरी मातेला, तेल घालायला जाते, कारण ही सायबीण शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. तिला तिथे कुणी काय काम म्हणून विचारत नाही. मलाही वाड्यावर कुणी विचारलं नाही. सरळ हातात घमेलं दिलं.

कपेलाचं दुखणं पावसाचं नव्हतंच, डागडुजीचं होतं. मागे कधीतरी भिंत ‘पक्की’ व्हावी म्हणून चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट मारलेलं. जांभा सच्छिद्र; पाणी पितो, तसं ते बाहेरही टाकायला हवं. चुना त्याला वाट देतो, सिमेंट ती बुजवतं. पोपडा काढला तर आतला चिरा ओल्या भुशासारखा बोटांनी सुटत होता. उलट टोक पाहायचं तर जुन्या गोव्यात जा. बॉम जेझू चर्चचा गिलावा १९५०च्या दशकात उतरवला, चिरे उघडे पडले, आणि पर्यटक त्या तांबड्या रंगाचे फोटो काढत असताना दगड दर पावसाळ्यात झिजतोय. गिलावा हा शृंगार नव्हे, चिऱ्याचं अंगरखं आहे. हे वाड्यावर पटवताना मात्र घाम फुटला! ‘एकदाच टाईल्स लावून मोकळे होऊया’ म्हणणारेही होते, आणि वर्गणी त्यांचीच मोठी.

पैसा तसा अडला नाही. आखातातल्या आणि बोटीवरच्या पोरांनी पाठवला. अडली माणसं, गावात उरलेत म्हातारे. छपरावर चढायला शेवटी नारळ पाडणारा पाडेली आला. माडावर चढणाऱ्याला कौलांचं काय भय? त्याने वाळवी लागलेल्या रिपा एकेक ठोकून आवाजावरून ओळखल्या.

चुना विरवून पाण्याखाली कितीतरी दिवस मुरत ठेवला. इथे घाई चालत नाही. तो हवेतून हळूहळू घट्ट होतो, म्हणून एकावर एक पातळ थर द्यायचे आणि उन्हाने तडकू नये म्हणून ओलं गोणपाट टांगायचं. म्हातारा मेस्त, म्हणजे गवंडी, थापी फिरवताना आमच्याशी बोलेना. हात चुकला की फक्त जीभ टाळूला लावून ‘च्च’ करायचा. संध्याकाळी बायका लदीन, म्हणजे सायबिणीची प्रार्थना, म्हणायला आल्या की आम्ही बादल्या उचलून बाजूला व्हायचो, आणि नंतर उकडलेले चणे मात्र सगळ्यांना मिळायचे.

पुढची भिंत झाली. मागची बाकी आहे, आणि पन्हळींचं काम मेच्या आत उरकायलाच हवं, नाहीतर जूनमध्ये सगळं पाणी पायाशी मुरेल. तू सुट्टीत येतोयस ना? मग जुने कपडे आण. चुन्याने हात भाजतात. खोबरेल तेल आईकडे आहे.

तुझा,
तोच